कमळ, पंप आणि नळ : हृदयोपचाराच्या इतिहासातील तीन रूपके

मराठी भाषेत हृदयाचा संसार मोठा आहे. भीती वाटली की काळजात धस्स होते, दुःखाने काळीज तुटते, शूर माणसाचे काळीज वाघाचे असते आणि लाडके मूल काळजाचा तुकडा होते. यातील ‘काळीज’ हा शब्द मुळात यकृताचा. मटणाच्या दुकानात कलेजी मागितली तर आजही यकृतच मिळते. भाषेने भावनेचा मुक्काम एका अवयवातून दुसऱ्या अवयवात हलवला आणि जुने नाव मात्र तसेच ठेवले. बोलणाऱ्याचे त्यावाचून काही अडले नाही. कारण आपण काळीज म्हणतो तेव्हा छातीतील मांसल अवयव आपल्या मनात नसतोच.

हृदयरोगतज्ज्ञाच्या खोलीत पाऊल ठेवताच ही भाषा बदलते. तेथे हृदयाचे ‘पंपिंग’ किती टक्के आहे हे सांगितले जाते. धमनीत ‘ब्लॉकेज’ असते, तेही टक्क्यांत मोजलेले असते, आणि ते ‘उघडून’ घ्यावे लागते. पहिली भाषा कवींची आणि दुसरी शास्त्राची, पहिली अलंकारिक आणि दुसरी वस्तुनिष्ठ, अशी विभागणी आपण सहज करून टाकतो. पण पंप हेही रूपक आहे आणि तुंबलेला नळ हेही रूपकच आहे. फरक इतकाच, की कवीच्या रूपकाने कोणी शस्त्रक्रियेच्या टेबलावर जात नाही.

सुसान सोंटॅग हिने १९७८ साली ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ या पुस्तकात क्षय आणि कर्करोग यांना चिकटलेल्या रूपकांची चिकित्सा केली. हृदयविकाराकडे तिने ओझरतेच पाहिले. हा रोग लोकांना यंत्रातील बिघाडासारखा वाटतो, त्याला लाज किंवा कलंक चिकटत नाही, असे तिचे म्हणणे होते. ते खरे आहे. मात्र ‘यंत्रातील बिघाड’ ही कल्पनाही निरुपद्रवी नाही. हृदयोपचाराच्या तंत्राचा इतिहास पाहिला तर असे दिसते, की प्रत्येक काळात हृदयाविषयीच्या एका रूपकाने उपचाराची एक वाट मोकळी केली आणि त्याच रूपकाने पुढे डॉक्टरांची व रुग्णांची दृष्टी बांधूनही ठेवली. प्रस्तुत लेखात या इतिहासातील एका साधनाचा, म्हणजे कॅथेटर या बारीक नळीचा प्रवास मुख्यतः पाहायचा आहे. हृदयविकारावरील आजच्या उपचारांचा फार मोठा भाग या नळीवर उभा आहे.

१. कमळ

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात हृदयाला खाली तोंड केलेल्या कमळाची उपमा दिली आहे. माणूस जागा असताना हे कमळ उमलते आणि झोपेत मिटते. चरकाने हृदय हे दहा महामूल वाहिन्यांचे मूळ मानले आणि चेतनेचे स्थानही तेथेच ठेवले. ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलने बुद्धीचे आसन हृदयातच मांडले होते. संस्कृती वेगळ्या असल्या तरी धारणा एकच होती. हृदय हे जीवाचे घर आहे. तेथे माणसाच्या हाताला प्रवेश नाही.

ही धारणा केवळ धार्मिक नव्हती, तिला अनुभवाचा आधार होता. हृदयाला जखम झालेला माणूस बहुधा वाचत नसे. एकोणिसाव्या शतकात भूल देण्याचे तंत्र आले, जंतुनाशके आली, पोट आणि मेंदू यांच्यावर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, तरी हृदय सुटले ते सुटलेच. १८९६ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यचिकित्सकाने छातीच्या शस्त्रक्रियेवरील आपल्या ग्रंथात लिहून ठेवले, की हृदयाच्या बाबतीत शल्यविद्या निसर्गानेच घातलेल्या मर्यादेपर्यंत पोचली आहे आणि कोणतीही नवी पद्धत तिला त्यापुढे नेणार नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात फ्रँकफुर्ट येथे लुडविग रेन याने चाकूने भोसकलेल्या एका तरुणाच्या हृदयाला टाके घातले आणि तो तरुण जगला. पॅजेटचे विधान जितके ठाम होते तितक्याच लवकर ते खोटे ठरले. तो अडाणी नव्हता. अनुभवाच्या मर्यादेला तो निसर्गाची मर्यादा समजला. रूपक जुने झाले म्हणजे ते रूपक राहत नाही, वस्तुस्थिती वाटू लागते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

२. पंप

वास्तविक हृदयाचे दुसरे रूपक त्याआधी अडीचशेहून अधिक वर्षे तयार होते. दुसऱ्या शतकातील गेलनच्या शिकवणीप्रमाणे रक्त यकृतात तयार होत असे आणि शरीरभर जाऊन तेथेच खर्ची पडत असे. युरोपात हे मत सुमारे चौदाशे वर्षे टिकले. विल्यम हार्वी याने १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या छोट्या लॅटिन ग्रंथात त्याला एका साध्या हिशेबाने आव्हान दिले. हृदयाच्या एका ठोक्याला अगदी थोडे रक्त बाहेर पडते असे धरले, तरी अर्ध्या तासात हजाराहून अधिक ठोके पडतात. इतके रक्त खाल्लेल्या अन्नातून सतत तयार होणे शक्य नाही. म्हणजे तेच रक्त फिरून फिरून येत असले पाहिजे.

या ग्रंथाची रचना वाङ्मयाच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. अर्पणपत्रिकेत हार्वी राजाला उद्देशून लिहितो, की हृदय हा देहाचा सूर्य आहे आणि राजा हा राज्याचे हृदय आहे. आत मात्र तो झडपा तपासतो, दोरीने दंड बांधून शिरांतील रक्ताची दिशा दाखवतो आणि ठोके मोजतो. एकाच पुस्तकात जुने रूपक दाराशी उभे आहे आणि नवे आत कामाला लागले आहे. पुढच्या पिढ्यांनी आतले रूपक उचलले. हृदय हा पंप झाला.

पंपाविषयी जे प्रश्न विचारता येतात ते कमळाविषयी विचारता येत नाहीत. पंपातील दाब किती, एका मिनिटात तो किती पाणी फेकतो, कोणती झडप गळते, हे प्रश्न आता अर्थपूर्ण झाले. त्यांची उत्तरे प्रथम जनावरांत शोधली गेली. इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्सने घोडीच्या धमनीत नळी बसवून रक्ताचा दाब मोजला. ते निष्कर्ष १७३३ साली प्रसिद्ध झाले. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये क्लोद बेर्नार आणि त्यानंतर शोव्हो व मारे यांनी घोड्याच्या मानेतील वाहिनीतून थेट हृदयात नळी पोचवली. घोड्यात जे जमले ते माणसात करून पाहण्यास मात्र कोणी धजावले नाही. शास्त्राने पंप स्वीकारला होता. शास्त्रज्ञांच्या हातात कमळ अजून शिल्लक होते.

तो धाक वेर्नर फोर्समन या तरुण जर्मन डॉक्टरने मोडला. १९२९ साली तो बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावातील रुग्णालयात उमेदवारी करीत होता. हृदय बंद पडू लागलेल्या रुग्णाला औषध द्यायचे तर छातीतून थेट हृदयात सुई खुपसावी लागे आणि त्यात धोका होता. घोड्याच्या हृदयात नळी घातल्याचे चित्र फोर्समनने पाहिले होते. दंडातील शिरेतून नळी सरकवीत नेली तर ती रक्ताच्या वाटेनेच हृदयात पोचेल, असे त्याने मनात योजले. वरिष्ठांनी परवानगी नाकारली.

पुढे आत्मचरित्रात त्याने सांगितलेली हकीकत अशी : शस्त्रक्रियागृहातील परिचारिका गेर्डा डिट्झन हिला त्याने विश्वासात घेतले. ती प्रयोग स्वतःवर करून घेण्यास तयार झाली. त्याने तिला टेबलाला बांधले, आणि तिच्या नकळत स्वतःचाच दंड बधिर करून मूत्रमार्गासाठी वापरली जाणारी ६५ सेंटिमीटर लांबीची नळी त्यात सारली. मग दोघे खालच्या मजल्यावरील क्ष-किरण विभागात गेले आणि तेथे घेतलेल्या चित्रात नळीचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात दिसले. १९२९ च्या नोव्हेंबरात छापलेल्या शोधनिबंधातील वृत्तांत मात्र वेगळा आहे. तेथे एका सहकाऱ्याने पहिला प्रयत्न केला व तो अर्ध्यावर सोडला, आणि आठवड्याने फोर्समनने एकट्याने तो पुरा केला, असे म्हटले आहे. निबंधात परिचारिका नाही, आत्मचरित्रात ती नाट्याच्या केंद्रस्थानी आहे. निबंध आणि आत्मचरित्र या दोन लेखनप्रकारांचे संकेत वेगळे असतात. दोन्हीकडे तोच मजकूर का नाही, हे समजण्यास तेवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. क्ष-किरणांचे चित्र मात्र दोन्हीकडे तेच आहे.

या धाडसाचे स्वागत झाले नाही. बर्लिनच्या प्रसिद्ध शारिते रुग्णालयातून त्याला बाहेर पडावे लागले आणि अखेर तो मूत्ररोगांकडे वळला. १९३२ साली तो नाझी पक्षाचा सभासद झाला होता, महायुद्धात सैन्यात डॉक्टर होता आणि शेवटी युद्धकैदी झाला. या चरित्रातून निर्मळ नायक घडवता येत नाही. दरम्यान न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी १९४० नंतर त्याच वाटेने नळी नेऊन हृदयातील दाब आणि रक्ताचा प्रवाह पद्धतशीर मोजण्यास आरंभ केला. १९५६ साली या तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. फोर्समन तेव्हा एका लहान जर्मन शहरात व्यवसाय करीत होता.

पंपाच्या रूपकाचा दुसरा तर्कशुद्ध परिणाम म्हणजे पर्यायी पंप. हृदय पंप असेल तर काही काळ त्याचे काम दुसऱ्या पंपाकडे सोपवता येईल आणि तेवढ्या वेळात मूळ पंप उघडून दुरुस्त करता येईल. जॉन गिबन याने पत्नी मेरी हिच्या साहाय्याने या कल्पनेचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात एका अठरा वर्षांच्या मुलीचे हृदय व फुप्फुसे यांचे काम त्याच्या यंत्राने २६ मिनिटे पूर्णपणे सांभाळले आणि तेवढ्या वेळात तिच्या हृदयातील छिद्र बुजवण्यात आले. ती जगली. त्यानंतरचे रुग्ण दगावल्यावर गिबनने ही शस्त्रक्रिया करणे थांबवले. १९५५ पासून मेयो क्लिनिकमध्ये जॉन कर्कलिन याने सुधारलेल्या यंत्राने ती पुढे नेली. उघड्या हृदयावरील शस्त्रक्रियेचे युग येथून सुरू झाले. कमळाला हात लावण्याचे भय यानंतर उरले नाही.

३. नळ

आतापर्यंत हृदयाच्या पोकळ्यांचा आणि झडपांचा विचार झाला. माणसे मोठ्या संख्येने ज्याने दगावतात तो रोग मात्र हृदयाच्या स्वतःच्या रक्तपुरवठ्याचा आहे. हृदय शरीरभर रक्त पोचवते, पण त्याच्या स्नायूला रक्त मिळते ते बाहेरून वेढणाऱ्या बारीक कोरोनरी धमन्यांतून. त्या अरुंद झाल्या की श्रम करताना छातीत कळ येते आणि एखादी एकाएकी बंद झाली की हृदयविकाराचा झटका येतो. या धमन्या जिवंत माणसात स्पष्ट दिसण्याचा मार्गच नव्हता.

तो मार्ग अपघाताने सापडला. ऑक्टोबर १९५८ मध्ये क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स हा डॉक्टर एका तरुणाच्या महाधमनीत क्ष-किरणांना अडवणारे द्रव्य सोडत होता. नळीचे टोक सरकून उजव्या कोरोनरी धमनीत शिरले आणि सुमारे तीस घनसेंटिमीटर द्रव्य तेथेच गेले. हृदयाचे ठोके थांबले. सोन्सने रुग्णाला खोकायला सांगितले, त्याने खोकला काढला आणि ठोके परत सुरू झाले. एका धमनीत इतके द्रव्य जाऊनही माणूस वाचतो, तर थोडे द्रव्य मुद्दाम सोडून तिचे चित्र का घेऊ नये, असा विचार सोन्सने केला. कोरोनरी अँजिओग्राफी ती हीच.

अँजिओग्राफीचे चित्र म्हणजे धमनीचे चित्र नव्हे, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. क्ष-किरणांना धमनीची भिंत दिसत नाही. दिसते ती आतून वाहणाऱ्या द्रव्याची सावली. सावली जेथे बारीक होते तेथे वाट अरुंद आहे, इतकाच अर्थ त्यातून निघतो. पण ही सावली इतकी बोलकी असते, की ती पाहणाऱ्याच्या मनात एकच प्रतिमा उभी राहते : गंज चढून तुंबलेला नळ. हृदयाचे तिसरे रूपक या चित्रातून जन्मले.

नळ तुंबला तर दोन गोष्टी करता येतात. शेजारून दुसरा नळ टाकायचा किंवा आहे तो साफ करायचा. पहिला उपाय म्हणजे बायपास. सोन्सच्याच रुग्णालयात रेने फाव्हालोरो या अर्जेंटिनी शल्यचिकित्सकाने १९६७ साली पायातील शीर वापरून त्याला स्थिर रूप दिले. दुसऱ्या उपायाचा आरंभ ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे झाला. चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञाने जानेवारी १९६४ मध्ये ८२ वर्षांच्या एका स्त्रीच्या पायातील अरुंद धमनी आतूनच रुंद केली. तिचे पाऊल कुजू लागले होते, डॉक्टर पाय कापावा म्हणत होते आणि ती नाही म्हणत होती. पाय वाचला. प्लंबर जे घरातील नळांत करतो तेच आपण धमनीत करतो, अशी डॉटरची भूमिका होती. नळ आणि पाना यांचे चिन्हच त्याने आपले म्हणून स्वीकारले होते. येथे रूपक उघडपणे कार्यक्रम बनले आहे.

डॉटरचे तंत्र हृदयापर्यंत नेले ते आंद्रेआस ग्रुंट्सिग याने. पूर्व जर्मनीतून आलेला हा डॉक्टर झुरिचच्या विद्यापीठ रुग्णालयात काम करी आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातील टेबलावर पत्नी, सहायिका आणि तिचा पती यांच्यासह नळीच्या टोकाला बसवायचे फुगे तयार करी. फुगा ठरावीक आकारापर्यंतच फुगला पाहिजे, त्यापुढे नाही, ही खरी अडचण होती. ती पीव्हीसीच्या फुग्याने सुटली. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्याने अडतीस वर्षांच्या एका रुग्णाच्या कोरोनरी धमनीत हा फुगा नेऊन फुगवला. रुग्ण जागा होता, छाती उघडलेली नव्हती. दहा वर्षांनी तपासले तेव्हाही ती धमनी खुली होती.

ग्रुंट्सिगचा मोठेपणा केवळ या एका दिवसात नाही. १९७९ साली त्याने पहिल्या ५० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि त्यांपैकी ३२ जणांतच प्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या यशस्वी झाली, हे स्पष्ट लिहिले. इतर डॉक्टरांना त्याने आपले काम प्रत्यक्ष चालू असताना पाहण्यास बोलावले आणि सर्व रुग्णांची नोंद एकत्र ठेवण्याचा आग्रह धरला. १९८५ साली स्वतः चालवीत असलेल्या विमानाच्या अपघातात तो गेला.

फुग्याने उघडलेली वाट अनेकदा काही महिन्यांत परत आकसू लागे. म्हणून आतून टेकू देणारी धातूची जाळी आली. १९८६ साली तूलूझ येथे जाक प्युएल आणि लोझान येथे उल्रिक सिग्वार्ट यांनी ती माणसाच्या कोरोनरी धमनीत बसवली. आता ती औषधाचा लेप घेऊन येते. तिचे ‘स्टेंट’ हे नाव मात्र दंतवैद्यकातून आले आहे. चार्ल्स स्टेंट हा एकोणिसाव्या शतकातील लंडनचा दंतवैद्य. दातांचा ठसा घेण्यासाठी त्याने तयार केलेले द्रव्य पहिल्या महायुद्धात त्वचारोपणाच्या वेळी त्वचेला आधार म्हणून वापरले गेले. पुढे आत राहून आधार देणाऱ्या कोणत्याही वस्तूला ते नाव मिळाले. जबड्यातून निघालेला शब्द हृदयात पोचला. काळजाचा प्रवास आठवला तर यात नवल वाटू नये.

४. सापाचे हृदय

नळाचे रूपक स्थिरावत असतानाच एक निराळे रूपक मुंबईत आजमावले जात होते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे नाव फेब्रुवारी १९६८ मधील भारतातील पहिल्या हृदयरोपणाशी जोडलेले आहे. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केपटाउनमध्ये पहिले हृदयरोपण केले त्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. सेन यांचा रुग्ण काही तासच जगला. त्याआधी, १९६५ साली, सेन आणि त्यांचे सहकारी उडवाडिया, किनरे व परुळकर यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. त्याची चर्चा मराठीत कमी झाली आहे.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा स्नायू बराचसा स्पंजासारखा असतो आणि हृदयाच्या पोकळीतील रक्त त्यात थेट झिरपते. मग माणसाच्या हृदयाच्या भिंतीत आतपर्यंत जाणारी असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडली तर तोही स्नायू पोकळीतले रक्त शोषून घेईल काय, असा या मंडळींचा प्रश्न होता. नळ दुरुस्त करण्याऐवजी जमीनच पाणी पिईल अशी करायची, असे त्याचे वर्णन करता येईल. सुईने पाडलेली छिद्रे काळाच्या ओघात बुजत असत. पुढे अमेरिकेत लेसरने ती पाडण्याचे तंत्र आले, १९९८ साली त्याला तेथे मान्यताही मिळाली. परंतु नळीवाटे लेसर वापरण्याच्या पद्धतीची तुलना जेव्हा नुसत्या दिखाऊ प्रक्रियेशी करण्यात आली, तेव्हा २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत लेसरचा अधिक लाभ दिसला नाही. दोन्ही गटांतील रुग्णांना बरे वाटले होते.

हा प्रयत्न फसला म्हणून तो गौण ठरत नाही. धमनीकडे नळ म्हणून पाहण्यावाचून गत्यंतर नाही असे जेव्हा सगळे धरून चालले होते, तेव्हा परळमध्ये काही जण वेगळा प्रश्न विचारत होते. आणि त्या प्रयोगाचा शेवट एक कसोटीही मागे ठेवून गेला : बरे वाटणे आणि उपचाराने बरे होणे यांत अंतर असू शकते. हीच कसोटी पुढे नळाच्या रूपकालाही लागली.

५. रूपकाची कसोटी

झटका आलेला असतो तेव्हा नळाचे रूपक जवळजवळ अक्षरशः खरे असते. धमनी गुठळीने बंद झालेली असते, पलीकडचा स्नायू मरत असतो आणि वाट जितक्या लवकर उघडावी तितका स्नायू वाचतो. अशा वेळी तातडीने केलेल्या अँजिओप्लास्टीने जीव वाचतात, याविषयी आज वैद्यकात दुमत नाही. छातीत दाब किंवा कळ येऊन घाम फुटला असता रुग्णाने रूपकांची चर्चा करीत बसू नये, रुग्णालय गाठावे.

प्रश्न उरतो तो स्थिर आजाराचा. चढ चढताना छातीत दुखते, बसले की थांबते, असे महिनोन्‌महिने चाललेल्या रुग्णात अरुंद जागा उघडली तर पुढचा झटका टळेल, असे नळाच्या तर्काने निःसंशय वाटते. ‘करेज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत अशा २,२८७ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला उत्तम औषधोपचार दिले, दुसऱ्याला तेच उपचार आणि शिवाय अँजिओप्लास्टी. २००७ साली निष्कर्ष आले. मृत्यू आणि झटके यांच्या प्रमाणात दोन गटांत फरक नव्हता. पुढे ५,१७९ रुग्णांच्या ‘इस्केमिया’ चाचणीचे २०२० साली प्रसिद्ध झालेले निष्कर्षही त्याच दिशेचे होते. लंडनमधील ‘ऑर्बिटा’ चाचणीत २०० रुग्णांपैकी निम्म्यांवर नुसता अँजिओप्लास्टीचा देखावा केला. २०१७ च्या निष्कर्षांत दोन गटांच्या श्रम करण्याच्या क्षमतेत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की २०२३ च्या ‘ऑर्बिटा-२’ मध्ये, छातीतील दुखण्यावरची औषधे थांबवलेल्या रुग्णांना खऱ्या अँजिओप्लास्टीने अधिक आराम पडला. म्हणजे स्थिर आजारातही ती दुखणे कमी करू शकते. बहुसंख्य रुग्णांत आयुष्य वाढवते असे मात्र दिसत नाही. डावी मुख्य धमनीच अरुंद असणे यांसारखे अपवाद आहेत आणि त्यांचा निर्णय डॉक्टरांनी वेगळा घ्यायचा असतो.

असे का व्हावे याचे उत्तर सावलीत दिसत नाही. धमनी हा नळ नाही, ती जिवंत ऊती आहे. तिच्या भिंतीत चरबी साचते, दाह होतो, वर एक पापुद्रा तयार होतो. तो पापुद्रा फाटला की त्यावर गुठळी जमते आणि झटका येतो. अनेकदा फाटतो तो अशा जागी, जेथे वाट फारशी अरुंद झालेलीच नसते. सर्वांत भयंकर दिसणारी जागा सर्वांत धोक्याची असेलच असे नाही. रोग सगळ्या भिंतीचा असतो, म्हणून रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि मधुमेह यांवरचे कंटाळवाणे उपचार अधिक दूरवर पोचतात. पण गोळीचे चित्र दाखवता येत नाही. अँजिओप्लास्टीची ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन चित्रे शेजारी ठेवता येतात, आणि त्यांच्यापुढे आकडे फिके पडतात.

येथे प्रश्न केवळ ज्ञानाचा राहत नाही. पडद्याकडे बोट दाखवून ‘नव्वद टक्के ब्लॉकेज’ असे सांगितले जाते तेव्हा भेदरलेल्या कुटुंबापुढे वास्तविक पर्याय उरत नाही. तुंबलेला नळ तसाच ठेवायला कोण तयार होईल? फेब्रुवारी २०१७ मध्ये भारत सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटची २९,६०० रुपये ठरवली. त्यापूर्वी औषधलेपित स्टेंटची छापील किंमत लाखाच्या घरात असे. किंमत उतरवणे आवश्यक होते आणि ज्यांना झटक्याच्या वेळी स्टेंट लागतो त्यांच्या दृष्टीने ते मोठे काम झाले. परंतु स्टेंट हवा की नको हे ठरवणारे वाक्य ज्या भाषेत बोलले जाते, त्या भाषेवर कोणत्याही प्राधिकरणाचा अंमल चालत नाही.

साहित्याचे शिक्षक व विद्यार्थी यांचा या इतिहासाशी संबंध तेथे येतो. रूपकाशिवाय विचार करता येत नाही. हार्वीने पंप पाहिला नसता तर झडपांची दुरुस्ती झाली नसती. डॉटर आणि ग्रुंट्सिग यांनी नळ पाहिला नसता तर आज झटका आलेली असंख्य माणसे घरी परतली नसती. मात्र उपमेय आणि उपमान यांत साम्य असते, ऐक्य नसते, हे अलंकारशास्त्राने आपल्याला पहिल्याच पाठात शिकवले आहे. साम्य कोठपर्यंत चालते आणि कोठे संपते, हे पाहण्याची सवय आपण कवितेवर लावून घेतो. ती सवय अंगी असलेला माणूस डॉक्टरांना एक साधा प्रश्न विचारू शकेल : हे उघडल्याने माझे दुखणे कमी होईल, की माझे आयुष्य वाढेल? उत्तर काहीही आले तरी पुढचा निर्णय दोघांनी मिळून घेतलेला असेल, आणि तो चित्र पाहून नव्हे, उत्तर ऐकून घेतलेला असेल.